आधी परतीचं ठरवायचं

सकाळी ५:४५

उठल्याबरोबर खिडकी उघडून हवेचा वास घ्यायचा, ही तळोजा फेज १ मध्ये राहायला आल्यापासूनची माझी सवय. वारा कारखान्यांकडून वाहत असला की उग्र दर्प येतो. मोठी माणसं नाक मुरडून कामाला लागतात. वासाचा त्रास होणारं मूल मात्र त्या दिवशी सकाळपासून बिथरतं, आणि त्याला कारण सांगता येत नसल्यामुळे घरचे त्याला हट्टी ठरवतात. आज हवा निवळ आहे. जानेवारीतला शनिवार. उद्या चार कुटुंबं मिळून खारघरच्या सेंट्रल पार्कला जाणार आहेत आणि त्याची सगळी तयारी आजच व्हायला हवी.

मी विशेष शिक्षिका आहे. सोमवार ते शुक्रवार शाळा, आणि शनिवारी जमेल तसं हे काम. उद्याच्या चार घरांपैकी कुणीही अलीकडे अख्खं घर मिळून कुठे गेलेलं नाही. विशेष मूल असलेल्या बहुतेक घरांचा हा रिवाजच होऊन बसतो: लग्न असो, जत्रा असो, आई नाहीतर बाबा मुलापाशी घरी थांबणार आणि उरलेले जाऊन येणार. फोटोत कुणीतरी एक कायम नसतं. ते मूल तर नसतंच.

६:३०

चहा घेत चारही मुलांची पानं पुन्हा वाचते. एक नऊ वर्षांचा स्वमग्न मुलगा. बोलत नाही, चित्र दाखवून मागतो. सेरेब्रल पाल्सी असलेली तेरा वर्षांची मुलगी, व्हीलचेअरवर. तिला सगळं कळतं आणि विनोद सगळ्यांत आधी कळतो. डाउन सिंड्रोम असलेला सात वर्षांचा मुलगा, जो हात सुटला की पळतो. आणि बौद्धिक अक्षमता असलेली अकरा वर्षांची मुलगी, तिला अधूनमधून फिट येते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वं मानली आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात ती ७ होती आणि स्वमग्नतेला तिथे वेगळी जागाही नव्हती. कागदावर ही चारही मुलं 'दिव्यांग' या एकाच रकान्यात बसतात. सहलीला निघाली की मात्र एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण. डाउन सिंड्रोमवाल्याला गाणं लागलं की नाचायचं असतं, तर स्वमग्न मुलगा त्याच गाण्याने कान दाबून खाली बसतो. व्हीलचेअरला सपाट फरसबंदी हवी, पळणाऱ्याला तीच धावपट्टी वाटते. म्हणून मी 'सगळे मिळून' दोनच वेळा ठेवले आहेत: मेट्रोचा प्रवास आणि डबा. मधल्या वेळात ज्याचं त्याने, ज्याच्या त्याच्या गतीने.

८:१५

पेंधर स्टेशन. उद्याचा रस्ता आज एकदा एकटीने चालून बघायचा, हा माझा नियम. पार्क आधी पाहिलेलं असतं, पण लिफ्ट आज चालू आहे का, रस्ता कुठे खणला आहे का, हे आजच कळतं.

ही मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. बेलापूर ते पेंधर, ११ स्टेशनं. तळोज्यातल्या आमच्या मुलांच्या घरांना तिने फार मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे अंदाज. रिक्षा कधी मिळेल, बसमध्ये चढता येईल का, ड्रायव्हर थांबेल का, या सगळ्या धाकधुकीत स्वमग्न मूल घराबाहेर पडण्याआधीच दमतं. इथे फलाट आणि डबा एका पातळीवर, दार प्रत्येक स्टेशनवर तसंच उघडणार, तसंच वाजणार. पेंधरहून निघालं की पेठाली-तळोजा, अमनदूत, पेठपाडा आणि मग सेंट्रल पार्क. चार बोटांवर मोजता येतील इतकीच स्टेशनं. बोटं मोजता येणाऱ्या मुलाला 'आलं का, आलं का' असं विचारावं लागत नाही.

भाड्याचंही सांगते. सप्टेंबर २०२४ मध्ये सिडकोने भाडी उतरवली, कमाल ४० चं ३० रुपयांवर आलं. आपल्या चार स्टेशनांना त्याहूनही कमी. याला माझ्या लेखी वेगळंच मोल आहे. मुलाला नाही झेपलं तर पार्कच्या दारातूनही माघारी फिरायला जीव हळहळत नाही. वॉटर पार्कची महागडी तिकिटं काढली की 'पैसे वसूल' होईपर्यंत रडणाऱ्या मुलाला ओढत फिरवलं जातं, आणि मग ते घर पुढे कित्येक महिने बाहेर पडत नाही. सहल स्वस्त असली की ती अर्धवट सोडता येते. सोडता आली की पुन्हा जाता येतं.

फोनवर दार बंद होतानाचा आवाज आणि पुढच्या स्टेशनची सूचना पुन्हा एकदा रेकॉर्ड करते. मागच्या शनिवारचं रेकॉर्डिंग नऊ वर्षांच्या मुलाच्या आईकडे आहेच. ती आठवडाभर संध्याकाळी, आधी अगदी बारीक आवाजात आणि मग थोडं थोडं वाढवत, त्याला ते ऐकवते आहे.

९:१०

सेंट्रल पार्क स्टेशनवर उतरून पार्कच्या दारापर्यंत मी व्हीलचेअरच्या नजरेने चालते. म्हणजे मान खाली. फुटपाथ जिथे संपतो तिथे उतार आहे की पायरी? मध्येच झाकण वर आलंय का? रॅम्पचा हिशोब सोपा आहे: एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी लागते. त्याहून उभा असेल तर तेरा वर्षांच्या मुलीला ढकलत नेणाऱ्या आईची कंबर जाते, आणि उतरताना खुर्ची तिच्या हातात राहत नाही. आपल्याकडे बऱ्याच सार्वजनिक जागी मोटरसायकली आत येऊ नयेत म्हणून दाराशी लोखंडी नागमोडी कठडे लावतात. त्यातून चालणारा माणूस जातो, व्हीलचेअर अडते. अशा ठिकाणी दुसरं दार असतं आणि त्याला कुलूप असतं. किल्ली कुणाकडे, हे आदल्या दिवशी विचारून ठेवलं की दुसऱ्या दिवशी मुलीला दारात ताटकळावं लागत नाही.

मागे पांडवकड्याचे डोंगर, शेजारी गोल्फ कोर्स, आणि मधे हा मोठा मोकळा पसारा. मोकळेपणा आमच्या मुलांना मानवतो. पण पळणाऱ्या मुलासाठी मोकळी जागा म्हणजे हद्द नसलेली जागा. म्हणून मी बसायला कोपरा निवडते: पाठीशी भिंत किंवा झुडपांची रांग हवी, साडेनऊ ते साडेअकरा सावली हवी, आणि तिथून बाहेरचं दार दिसायला हवं. त्या मुलाला कोलांट्या मारायला फार आवडतं. डाउन सिंड्रोममध्ये काही मुलांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो, त्यामुळे डॉक्टरांनी तपासून 'चालेल' म्हटल्याशिवाय कोलांटी नाही आणि उड्या मारायची जाळीही नाही. त्याच्या बाबांना हे माहीत आहे. उद्या सोबत येणाऱ्या काकांनाही सांगायला हवं, कारण कौतुकाने 'मार बघू कोलांटी' म्हणणारे तेच असतात.

मग स्वच्छतागृह. सहलीच्या जाहिरातीत हे कधी येत नाही, आणि आमच्या सहली बहुधा इथेच मोडतात. तेरा वर्षांच्या मुलीचा डायपर बदलायचा तर तिला आडवं करायला जागा लागते. बाळांसाठी भिंतीला लावलेली फळी तिला पुरत नाही. इंग्लंडमध्ये २००६ साली 'चेंजिंग प्लेसेस' नावाची मोहीम पालकांनी आणि संस्थांनी मिळून सुरू केली: मोठ्या माणसाला झोपवता येईल असा बाक आणि उचलायला यंत्र असलेली स्वच्छतागृहं मागायची. ती आज तिथे मॉलमध्ये, संग्रहालयांत, हमरस्त्यांवरच्या थांब्यांवर दिसतात. आपल्याकडे ३ डिसेंबर २०१५ ला सुगम्य भारत अभियान सुरू झालं तेव्हापासून रॅम्प आणि लिफ्ट हे शब्द तरी सरकारी कागदांत रुळले. मोठ्या मुलीला आडवं करायच्या बाकाचा विषय मात्र अजून क्वचितच कुणाच्या बोलण्यात येतो. तोवर आमची योजना अशी: घरून निघताना कपडे बदलून घ्यायचे, पार्कात अडीच तासांपलीकडे थांबायचं नाही, आणि पिशवीत जाड चटई, दोन चादरी आणि आडोसा धरायला दोन बायका.

१२:३०

घरी जेवण आणि फोन. पहिला फोन फिट येणाऱ्या मुलीच्या आईला.

"ताई, सकाळचं औषध किती वाजता असतं?"

"आठला, मॅडम. पण उद्या गडबडीत—"

"आठलाच. निघायची वेळ हवी तर आपण बदलू, पण औषधाची नाही. आणि रात्री तिला लवकर झोपवा."

जागरण आणि चुकलेला डोस ही फिट येण्याची अगदी नेहमीची कारणं. उद्या सोबत असणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला मी एकच मजकूर पाठवते. फिट आली तर घड्याळ बघा. तिला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, गळ्याशी कपडा सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालायचं नाही. चप्पल आणि कांदा हुंगवायचा नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला आहे, तो आईच्या कमरेच्या पाऊचमध्ये असेल. मोठ्या पिशवीत नाही. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८.

२:००

झेरॉक्सच्या दुकानातून फोटो छापून आणले आणि आता कार्डं करायला बसले. दिवसातलं हे काम मला सगळ्यांत जास्त आवडतं.

नऊ वर्षांच्या स्वमग्न मुलासाठी तळहाताएवढी आठ कार्डं. आपल्या घराचं दार. पेंधर स्टेशनचा जिना आणि लिफ्ट. मेट्रोचा डबा. सेंट्रल पार्कचं दार. झोका. डबा, तोही त्याचाच, निळ्या झाकणाचा. पुन्हा मेट्रो. पुन्हा घराचं दार. चित्रं पुस्तकातली नकोत. त्या मुलाला उद्या जे दिसणार आहे तेच कार्डावर हवं, म्हणून सकाळी उन्हात उभं राहून फोटो काढले. प्रत्येक कार्डाला मागे वेल्क्रोचा तुकडा, आणि एका लांब पट्टीवर ओळीने चिकटवायचं. एक गोष्ट झाली की मुलाने स्वतः ते कार्ड काढून खालच्या खिशात टाकायचं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७२ पासून चालत आलेल्या 'टीच' कार्यक्रमाने ही चित्रांच्या वेळापत्रकाची पद्धत जगभर पोचवली. मागचं तत्त्व इतकंच, की बोललेलं हवेत विरतं आणि चित्र समोर राहतं.

पालक पट्टी करताना शेवटचं कार्ड हमखास विसरतात. पार्क, झोका, खाऊ, संपलं. मुलाला मात्र सगळ्यांत मोठी काळजी तीच असते: इथून घरी जायचं आहे की नाही? मोठी माणसं गृहीत धरतात, कारण त्यांना माहीत असतं. 'घर' हे कार्ड पट्टीवर दिसत असलं की तो अनोळखी जागी जास्त वेळ टिकतो. म्हणून मी पट्टी मागून चिकटवते. आधी घर, मग परतीची मेट्रो, आणि त्यानंतर बाकीची मजा.

एक जादा कार्ड पिवळ्या कागदाचं: 'बदल'. लिफ्ट बंद पडली, झोक्यावर दुसरं कुणी बसलं, पाऊस आला. त्या वेळी ते कार्ड पट्टीवर लावायचं. गेले काही दिवस वर्गात मी ते मुद्दाम आनंदाच्या बदलांसाठी वापरलं आहे, म्हणजे 'बदल' दिसला की त्याच्या पोटात गोळा येणार नाही.

४:००

फेज १ मध्येच त्याच्या घरी. दार उघडायच्या आत कुकरची शिट्टी, आणि तो आतल्या खोलीत पलंगाखाली. मी पट्टी जमिनीवर ठेवून गप्प बसते. थोड्या वेळाने हात बाहेर येतो, झोक्याचं कार्ड घेऊन पुन्हा आत जातो.

आजी स्वयंपाकघराच्या दारात.

"मॅडम, तुम्ही घेऊन जा त्याला. मी काय येत नाही. लोक बघतात हो."

"बघू देत, आजी. तुम्ही नसलात तर तो डब्यातलं खाणार नाही."

"ते खरं. माझ्याच हातचं लागतं त्याला."

"मग?"

"किती वाजता तयार राहू?"

'लोक बघतात' यापुढे मी कधीच वाद घालत नाही. लोक बघतातच. पण आजीचं तिथे काम आहे, हे तिला पटलं की ती निघते. कुटुंबाची सहल ठरवायची तर घरातल्या प्रत्येकाला आपण तिथे का हवं आहोत हे कळायला हवं; नुसतं 'चला, तुम्हालाही बरं वाटेल' यावर गुडघे दुखणारं माणूस जिने उतरत नाही.

५:३०

त्याचे बाबा पहिल्या शिफ्टवरून आले. एमआयडीसीत कॉम्प्रेसरपाशी काम. त्यांच्याच लक्षात आलेली एक गोष्ट आता आमच्या चारही घरांत पोचली आहे. मुलांसाठी म्हणून मिळणारे आवाज रोखणारे हेडफोन महाग पडतात, आणि इथे हेल्मेट-हातमोजे विकणाऱ्या सेफ्टीच्या दुकानात कारखान्यातले साधे इअरमफ मिळतात. पट्टी खेचून लहान करता येते. लाल रंगाचा जोड मुलाने स्वतः निवडला. आम्ही तो घालून इमारतीची लिफ्ट, खालचं दुकान, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारतो. इअरमफ सतत घालायचे नाहीत, गरज पडेल तेव्हाच. नाहीतर कानाला शांततेची सवय लागते आणि साधा आवाजही टोचायला लागतो. कोपऱ्यावर पाववाल्याने भोंगा वाजवला. त्याने स्वतः हात वर करून इअरमफ चढवले आणि चालत राहिला. बाबा काही बोलले नाहीत, पण मला तो हात वर जाताना त्यांनीही बघितला हे दिसलं.

त्याची चौदा वर्षांची बहीण जिन्यात मला गाठते. "टीचर, मला पण झोक्यावर बसायचंय. दर वेळी त्याला धरायचं काम माझ्याकडेच येतं."

योजनेच्या कागदावर तिच्यासमोरच लिहिते: १० ते १०:४५, तो बाबांकडे. आई आणि ताई, दोघीच. काय करायचं ते त्या ठरवतील. विशेष मुलांच्या भावंडांना लोक 'किती समजूतदार' म्हणतात आणि त्या शब्दाखाली त्यांचं लहानपण दडपून टाकतात. सहलीत त्यांचा हक्काचा वेळ लेखी हवा, घड्याळासह.

७:३०

पालकांच्या गटावर शेवटचा निरोप. ८:४५ ला पेंधरच्या लिफ्टपाशी. प्रत्येक मुलाच्या खिशात नाव आणि दोन फोन नंबरांची चिठ्ठी. पळणाऱ्याच्या अंगात भडक केशरी टी-शर्ट, आणि निघताना काढलेला त्याचा ताजा फोटो. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, जवळ. डबा रोजचाच: कुणाला मऊ कालवलेला भात, कुणाला पार्ले-जी, तोही न फुटलेल्या पुड्यातला, कारण तुटलेलं बिस्कीट ते मूल हातात घेत नाही. नवीन पदार्थ, नवीन चप्पल, नवीन कपडे यांपैकी काहीही उद्या नको. एका दिवसात नवीन जागा हेच पुरेसं नवीन आहे.

एका आईने विचारलं, "मॅडम, तिथे रंग ओळखायला, मोजायला लावू का? स्पीचच्या ताईंनी सांगितलंय, संधी सोडू नका." मी स्पष्ट 'नको' लिहिलं. आठवडाभर ओटी, स्पीच, फिजिओ अशा थेरपी. मुलाचा प्रत्येक खेळ कुणीतरी अभ्यासात बदललेला असतो. उद्या झोका हा झोकाच. २०१६ च्या कायद्याच्या २९ व्या कलमात मनोरंजनात इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क आहे, उपचारापुरता नव्हे. मजा करायला त्यांना दुसरं कारण लागत नाही.

९:१५

सगळ्यांत शेवटी परतीचा कागद. खरं तर योजना करताना मी हाच पहिल्यांदा भरला होता. आता फक्त तपासते. कोण थकलं तर कोण त्याला घेऊन निघणार? एका कुटुंबाला साडेनऊलाच परत फिरावं लागलं तर बाकीच्यांनी थांबायचं, अपराधी वाटून घ्यायचं नाही, आणि 'अजून थोडा वेळ' म्हणून आग्रहही करायचा नाही. सगळं उत्तम चाललं असलं तरी साडेअकराला उठायचं. मूल हसत असतानाच परत निघायचं, म्हणजे पुढच्या वेळी पट्टीवर पार्कचं कार्ड दिसलं की ते पाय पुढे टाकतं.

तुमच्याही घरी असं मूल असेल तर याच क्रमाने ठरवा: परत कसं यायचं, कुठे टेकायचं, स्वच्छतागृह कुठे, आणि मग जायचं कुठे. पहिल्यांदा तासाभराचं करा. मुलाच्या विकासाविषयी नुकतीच शंका आली असेल, कुणाकडे जायचं सुचत नसेल, तर एनआयईपीआयडी या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र खारघरमध्येच आहे. तिथे तपासणी आणि मार्गदर्शन मिळतं.

आणि तुमच्या घरी असं मूल नसेल तरी रविवारी मेट्रोत, पार्कात तुम्ही असणारच. एखादं मूल कान दाबून जमिनीवर बसलेलं दिसलं तर आईला सल्ला देऊ नका, मुलाला चॉकलेट पुढे करू नका, मोबाइल तर काढूच नका. दोन पावलं मागे सरा, जागा द्या; वाटलंच तर 'काही हवंय का?' एवढं एकदा विचारा. आणि लिफ्टपाशी व्हीलचेअर थांबलेली असेल तर तुम्ही जिन्याने जा.